गुडघ्याचा नवस

ती. रंगूताईस,

नथूचा उभ्यानेच नमस्कार. (वाकलो असतो, पण मग पुढचं पत्र तुझ्या भावजयीला, सरिताला लिहावं लागलं असतं.) आटगावला सगळी बरी असाल. दाजींचा खोकला गेला का?

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी मी पूजेला पाटावर बसलो आणि आरती संपल्यावर उठताच येईना. उदबत्ती विझली तरी मी तिथेच. सरिताला आधी वाटलं, भक्ती वाढली. मग येऊन म्हणाली, "उठा आता, देव काय हात देनार नाय." तिनेच भाताच्या पोत्यासारखं मला उभं केलं आणि शहापूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

आपल्या बापूंनी देवराईतला साग घराच्या तुळईसाठी तोडला, म्हणून त्यांचे गुडघे गेले आणि आता माझा, असं आपण धरून चाललो. म्हणूनच तो दुखू लागला तेव्हाच तू म्हसा गावच्या देवाला नवस बोललीस, की गुडघा बरा झाला तर भाऊ मुरबाडपासून अनवाणी चालत येईल. (बोललीस तू, चालायचं मी.) हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा चार पायांचं ओझं दोनांवर आलं. चालणं जमावं म्हणून गुडघ्याचं हाड लाखो वर्षं घडत गेलं. त्या घडणीत जरा इकडंतिकडं झालं की आतली गादी झिजते. पण दुखणं येतं पन्नाशीला, तोवर पोरं होऊन गेलेली असतात, म्हणून ही खोड गळून न जाता पुढच्या पिढीत उतरते.

ताई, मला तिथल्या बाकावर रडू आलं. झाड तोडलं ती चूकच. पण बापू शेवटपर्यंत गुडघा चोळत माफी मागत राहिले. आजोबांचेही गुडघे असेच होते, आणि त्यांनी तर देवराईतली काडीही मोडली नव्हती, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. छातीवरचा दगड उतरला.

व्यायामाने गुडघा सुधारला आणि माझी पंचाईत झाली. बरा झाला तर अनवाणी चालायचं, आणि चाललो तर पुन्हा बिघडायचा. म्हणून आटगावचं कोणी दिसलं की मी लंगडतो. परवा चुकून दुसऱ्याच पायाने लंगडलो, तर तुमच्या गावचा गणू म्हणतो, "आता तो पन गेला काय रं?"

तुझा,
नथू

ता. क. तेवढा नवस तू देवाशी बोलून सोडव, हे मागायलाच पत्र लिहिलं. तुझ्या रागाला भिऊन तीन दिवस टाकलंच नाही.

आणखी एक. काल एसटीने मीच म्हशाला गेलो. देवाला म्हटलं, बहीण मायेपोटी बोलली, पण गुडघा तूच एवढ्या पिढ्या खपून घडवलास, तो जपणं हीही सेवाच. नारळ ठेवला आणि नवस मागे घेतला.