बसून खाल्लं तेवढंच

रहमाताई, सगळ्यांत आधी आली ती शाळेची नर्स नझीहा, काखेत वजनकाटा घेऊन, आणि तिच्यामागून इद्रीसी मास्तर, दूध पावडरीचा डबा सांभाळत. (आधी सलाम लिहायचा असतो, हे मशिदीतल्या साक्षरता वर्गात शिकवलंय, पण बातमी थांबेना. तर सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे उज्द्याला थंडी पडली का? आम्ही अल्लाच्या कृपेने ठीक.)

माझी नात वीआम सात वर्षांची, अंगाने चांगली भरलेली, तुला माहीतच आहे. दोरीवर तिसऱ्या उडीलाच धापा टाकते, म्हणून पोरी तिला नुसतं दोरीचं टोक धरायला लावतात. शाळेने यंदा अशा मुलांसाठी आरोग्याचा कार्यक्रम काढलाय आणि घरी छापील पान पाठवलं, मूल आठवडाभर काय खातं ते लिहा म्हणून. सूनबाई म्हणाली, मी लिहिते. मी म्हटलं, डबा मी भरते, पानही मीच भरणार. दोन वर्षं घोटून अक्षर आलंय, जाऊ दे की शाळेत.

मी खरं तेच लिहिलं. सगळे मेजाभोवती बसून एका थाळीतून खातो, ते जेवण. दुपारी चार घास, रात्री अर्धा वाडगा सूप. आता चुलीपाशी उभ्याने मधातली पोळी, जिन्यात दोन तळलेले स्फेंज, शेजारणीकडे बदामाची बिस्किटं, याला जेवण कोण म्हणतं? आपल्या आईने कधी म्हटलं? पण शाळेत ते पान वाचून सगळे हबकले. पोर उपाशी, तरी वजन वाढतंय, म्हणजे नक्की मोठा आजार.

म्हणून ही मंडळी आली. तेवढ्यात वीआम तोंड हलवत दारात.

"हाज्जा, ही आत्ता काय खातेय?" नर्स म्हणाली. (हजला मी गेलेली नाही, पण म्हणणाऱ्याला कशाला अडवा.)

"काही नाही बाई. उभी आहे ना ती."

नर्सने मास्तरांकडे बघितलं. ते दाराशीच उभे होते, हातात मी दिलेलं तिसरं बिस्किट. म्हणाले, "मग मीपण अजून काही खाल्लं नाही."

नर्स हसली, पण बजावून गेली, "हिला दोरी धरायची नाही, उडी मारायची आहे. पान खरं भरा, नाहीतर डबा आणि पान दोन्ही सूनबाईंकडे." सूनबाई तेव्हा कप फारच मन लावून विसळत होती.

तेव्हापासून मी पोरीमागे पेन्सिल घेऊन फिरते. तीन दिवसांत पान संपलं, मागच्या बाजूला लिहितेय. काल तिने बिस्किट उचललं, मला बघितलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "राहू दे आजी, तुला लिहावं लागेल." संध्याकाळी अंगणात सात उड्या मारल्या. मी मोजल्या, आणि त्याही पानावर लिहिल्या.

तुझी धाकटी, तामू

ता. क. तू दरवर्षी भाजलेलं पीठ, बदाम आणि लोण्याचं सेल्लू पाठवतेस, ते यंदा नको. घरात मोह नको.

ता. क. दुसरा. नर्सने जाताना मलाही काट्यावर उभं केलं, आणि माझ्या नावाचं वेगळं पान दिलं. सेल्लू पाठवच, पण शनिवारी पोचेल असं बघ. मंडळी शुक्रवारी पानं तपासायला येणार आहेत, दुपारी, ऐन आपल्या शुक्रवारच्या कुस्कुसच्या जेवणाला. दिवस नर्सनेच ठरवला.