सागवान की लॅमिनेट

३ फेब्रुवारी
सासूबाई आजही पलंगावरून उतरल्या नाहीत. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून फरशीची धास्ती. वॉकरवर टॉवेल वाळायलेत. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, लाकडी फ्लोअरिंग टाका, भीती जाईल. त्या बोलून गेल्या. आता आमच्या घरात महिनाभर वाद.

७ फेब्रु.
परभणीला दुकानात गेलो. ह्यांना लॅमिनेट पसंत. दुकानदार लगेच बसवून देतो म्हणे. वर नुसता लाकडाचा फोटो! पाणी साचलं तर फुगतं, हे मी खोदून विचारल्यावर सांगितलं. आणि सासूबाईंच्या उशाशी कूलर, उन्हाळाभर गळणार. सागवानाचं विचारलं तर दुकानदार ह्यांच्याकडे बघून बोलायला लागला. विचारतेय मी, उत्तर ह्यांना.

८ फेब्रु.
गावाकडून, ताडकळसहून भाऊजींचा फोन. "वहिनी, आईला प्लास्टिकवर चालवता का? बाबांनी लावलेला साग हाय की बांधावर. तोडू."
सा.बा. पलंगावरून ओरडल्या, "त्या झाडाला हात लावायचा न्हाई!"
फोन स्पीकरवर होता. भाऊजींनी ऐकलंच असणार.

१५ फेब्रु.
लॅमिनेट की साग? हे म्हणतात, बघू. रोज बघू. शाळेत अख्खा वर्ग आवरते, घरातली माणसं आवरत नाहीत. आंघोळ घालताना सा.बां.ची पिंढरी बघितली. केवढी बारीक झालीय. पडून पडून ह्या बाई…

२१ फेब्रु.
भाऊजींनी झाड तोडलं! परवानगीचे सगळे कागद केले म्हणतात. आईला विचारायचं तेवढं राहिलं. हे सुताराकडे जाऊन आले. लाकूड ओलं हाय, आत्ता फळ्या बसवल्या तर वाकतील, वर्षभर वाळू द्या म्हणाला.
म्हणजे झाडही गेलं आणि फरशी तीच.
सा.बां.ना सांगायचं कोणी? अर्थात मी. रडल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

२३ फेब्रु.
शाळेतून आले तर सा.बा. दारात उभ्या. वॉकर धरून, अनवाणी, त्याच फरशीवरून आलेल्या. पाय लटलटायलेत, घामानं पदर भिजलेला. धरायला गेले.
"सोड. मला ताडकळसला जायचंय."
"आई, डॉक्टर म्हणाले—"
"डॉक्टरनं पाणी घातलं व्हतं का त्या झाडाला? आमी दोघांनी घागरीनं घातलंय."

२४ फेब्रु.
गाडीनं नेलं. तोडलेल्या सागाच्या बुंध्यापाशी खुर्ची टाकून दिली. भाऊजी मान खाली घालून, "आई, तुझ्यासाठीच केलं."
"मला इचारलं व्हतं का कुणी?"
'कुणी' म्हणताना माझ्याकडेही बघितलं. लय लागलं.
परत आल्या नाहीत. तिथंच राहिल्या.

४ मार्च
सा.बा. अजून तिकडेच. जाऊबाई सांगतात, सकाळ-संध्याकाळ अंगणात चालतात, भाऊजींशी बोलत नाहीत. हे आज म्हणाले, "मग लॅमिनेटच टाकून घ्यायचं का?" कोणासाठी? एवढी चीड आली, ताट सरकवून उठले. थेट फोन लावला.
"आई, हॉलमध्ये काय टाकायचं, तुमीच सांगा."
सा.बा. म्हणाल्या, "आदी माझा पलंग खिडकीकडं सरकीव. मंग बघते."
कधी येणार ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.
पलंग एकटीला हलेना. ह्यांना हाक मारली, तर म्हणे बघू. मी तशीच उभी राहिले, एक बाजू धरून.