जपानी बाटलीची सोय

मी, विनिफ्रेड कुकी, कै. मोफात कुकीची बायको, राहणार वातुकोला गाव, ग्वाडालकॅनाल बेट, वय सत्तर, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही, आणि सकाळी दोन रताळी खाऊन मी अगदी मजेत आहे. शाळा तीनच वर्षं झाली, तेव्हा अक्षराला हसू नये.

१. जमीन मी काय देणार? ती आईकडून लेकीकडे जाते, म्हणजे माझ्या रेजिनाची आहेच. तरी लिहिते, कारण माझा दीर हल्ली नदीकाठच्या तुकड्यातून फार फेऱ्या मारतो आणि विचारलं तर म्हणतो, खेकडे बघतोय. तिथे खेकडे नाहीत.

२. मोफातने जन्मभर मळ्यांतून आणि जंगलातून जपानी-अमेरिकन लढाईच्या वस्तू वेचून आपल्या छपराखाली मांडल्या. लोखंडी टोप्या, तोफगोळ्यांची पितळी नळकांडी, विमानाचा पंख. ते सगळं रेजिनाला. जिच्यात कोंबड्या पाणी पितात ती टोपीही खरी अमेरिकन आहे, तीसुद्धा मोजून घ्यावी. सैनिकांच्या गळ्यातले बिल्ले मात्र खरे समजू नयेत. ते माझा पुतण्या बार्नबस करतो आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना विकतो. पत्रा खऱ्या विमानाचा, पण ठोकून झाला की डुकरांच्या चिखलात पुरून म्हातारा केलेला. नावं सुचत नाहीत म्हणून चर्चमधल्या माणसांची घालतो. आमचा भजन सांगणारा एझेकिएल अशा रीतीने अमेरिकेचा सार्जंट होऊन कुणा पाहुण्याच्या कपाटात बसला आहे. एझेकिएलला मी सांगितलं तर तो खूश झाला. असो.

३. बार्नबस आता खांद्याशी येऊन बसला आहे. त्याला वाचता येतं. म्हणतो, "काकू, बाटलीचं लिही की. काका तोंडी मलाच देऊन गेलेत." काका गेले तेव्हा हा राजधानीत, होनियाराला होता. तर लिहिते: मोफातला आमच्या कोनफळाच्या मळ्यात सापडलेली जपानी सैनिकाची पाण्याची बाटली बार्नबसला. म्हणतो, नीट वळणदार लिही. लिहिलं.

४. तो दुसरा साक्षीदार आणायला गेला. वाटेत सुपारी खायला थांबेल, तेवढा वेळ मला पुरे.

बाटलीवर त्या सैनिकाचं नाव कोरलेलं आहे. एका पाहुण्याने त्याचा फोटो नेला होता, त्यावरून गेल्या वर्षी जपानहून फुमिकोबाई आल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. नाव माझ्या बाबांचं म्हणाल्या आणि रडल्या. माझा विश्वास कुणावर नाही, रडणाऱ्यांवर तर नाहीच. बार्नबसने तेच नाव दुसऱ्या एका बाटलीवर कोरून ठेवलं होतं. मी दोन्ही चटईवर मांडल्या आणि म्हटलं, ओळखा.

त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग बरोबरच्या दुभाषी पोरीकडून सांगितलं, "मला नाही ओळखता येत. बाबा बोटीत चढले तेव्हा मी आईच्या पोटात होते."

पुढच्या महिन्यात बार्नबसने ब्रिस्बेनच्या डगनला आणलं. हा जुन्या वस्तू विकतो, पण मला म्हणाला, बाटली त्या सैनिकाच्या घरच्यांना नेऊन देणार. त्यालाही दोन्ही दाखवल्या. त्याने एक उचलून लगेच उलटी केली, बूड बघितलं, बुचाचा वास घेतला. म्हणाला, "ही खरी." बरोबर होतं. पण लेकीला जे कळलं नाही ते याला चुटकीसरशी कळलं, म्हणजे हा कुणाच्या घरच्यांचा, ते मला कळलं.

मी बाटली तेव्हाच बाईंना दिली असती, पण देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो आणि तो अजून आलेला नाही. माझा मात्र खोकला वाढला आहे.

५. म्हणून माझी खरी इच्छा ही. कलम ३ रद्द. बाटली फुमिकोबाईंची. परवाना येईपर्यंत ती रेजिनाने सांभाळावी, नवऱ्यालाही जागा सांगू नये. खरीला मोफातच्या कुदळीचा पोचा आहे. डगन फारच मागे लागला तर दुसरी त्याला फुकट द्यावी.

६. आमच्या पाद्रीबाई पूर्वी कोर्टात कारकून होत्या. त्यांनी सांगितलं की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि त्याच्या बायकोलाही नाही. म्हणून जावयाला मी लांब ठेवलं. बार्नबसचं लग्न झालेलं नाही, तेव्हा कुणाचं नुकसान नाही. कुणी उद्या कलम ५ खोडलंच, तरी कलम ३ त्याच्या उपयोगाचं नाही. साक्षीदार मीच होणार, हा हट्ट त्याचाच. सकाळी विचारत होता, "काकू, साक्षीदाराला काय मिळतं गं?" मी म्हटलं, "कायद्याने जे मिळतं ते सगळं तुला मिळेल, बाळा."

आले दोघं. दुसरा साक्षीदार म्हणून डगनलाच आणलाय. डगनला आमची भाषा वाचता येत नाही. बार्नबससाठी कागद दुमडून वर चटई ठेवते, सहीपुरती जागा उघडी.

वातुकोला, १४ जून २०१६

सही: विनिफ्रेड कुकी

आम्हा दोघांसमोर विनिफ्रेडबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

साक्षीदार १: बार्नबस कुकी
साक्षीदार २: आर. डगन, ब्रिस्बेन