मनगटावरचा रुमाल

रविवार, २० नोव्हेंबर १९९४
नवीन पनवेल

आज ताई-ची या चिनी व्यायामाच्या वर्गात सरांनी जोडीचा सराव घेतला. समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट टेकवायचं. एकाने हळूच ढकलायचं, दुसऱ्याने तेवढंच मागे जायचं. माझ्यासमोर सुमनच. काचेच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून तिने मनगटावर रुमाल बांधला होता. बायकोच्या हाताला इतका वेळ हात लावून... किती वर्षांनी?

मी ढकलायच्या आतच ती मागे जायची. दर वेळी.

सर म्हणाले, "वहिनी, आधीच मागे जाऊ नका. त्यांचा जोर हाताला जाणवू दे, मग सरका."

"सवय झालीय," ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

मग जोड्या बदलल्या. सुकापूरच्या एका बाईंसमोर तीच सुमन अगदी बरोबर करत होती.

मी तिच्यावर हात कधीच उगारला नाही. ओरडतो, हे मान्य. पण ओरडणं म्हणजे काय मारणं आहे?

घरी आल्यावर तिला त्या रुमालाची गाठ सुटेना. सोडवायला मी हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरकली आणि गाठ दातांनी सोडवू लागली.