झाकणावरचं चित्र

प्रिय ठकू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

परदेशातून काही मागवायचं तर पाठवणीचा खर्च कसा वाचवायचा, यात तुझ्या बापाचा हात धरणारा अख्ख्या इमारतीत कोणी नाही. सगळ्यांचं सामान तिकडच्या गोदामात साठू द्यायचं आणि एकाच पार्सलात मागवायचं. या खेपेला खालच्या सायकलवाल्याचे गिअर होते, शेजारणीचं मिक्सरचं भांडं होतं आणि तू आईसाठी घेतलेली भेट. तुझी वस्तू वेगळी मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं म्हणून ती माझ्याच खात्यावर मागवायचा आग्रहही माझाच. आईलाच उघडू द्या, एवढंच तू बजावलं होतंस.

हे लोक वजनाबरोबर खोक्याच्या आकाराचेही पैसे लावतात. आतल्या हवेचं भाडं मी का भरू? गोदामवाल्यांना कळवून टाकलं, सगळी खोकी फेका, माल पिशव्यांत भरा. पार्सल आलं तेव्हा मी इतका खुशीत होतो की सायकलवाल्याला चहा पाजून बचतीवर भाषण ठोकलं. तुझ्या आईच्या हाती मात्र पिशवीभर पुठ्ठ्याचे तुकडे आले. तुकडे जुळवायचं कोडं, आणि जुळवायचं कशावरून ते चित्र झाकणावर. झाकण तिकडच्या कचऱ्यात.

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई, जेवणाच्या टेबलावर तुकडे पसरून कडेला कड लावत बसली. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. नुसतं निळं आभाळ आणि हिरवं गवत, माणसं मधोमध लहानशी. मी मदतीला गेलो की माझा हात बाजूला करायची. चित्र पुरं झाल्यावरच तुला फोन करायचा, नाहीतर माझा पराक्रम सांगावा लागेल, असं तिनं ठरवलं होतं. मध्ये मी एकदोनदा तुला फोन केला, तू घेतला नाहीस. तुझा जुना राग अजून गेला नसेल, असं मी धरून चाललो.

काल चित्र पुरं झालं. तू, जावई, आणि तुमच्या मधे दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली एक मुलगी. तुझी आई ढसाढसा रडली. मूल दत्तक घेण्याचं तू बोललीस तेव्हा परक्याचं पोर ते परक्याचंच, असं मी म्हणालो होतो. तरी तू हे चित्र पाठवलंस, आणि आमच्याकडून चकार शब्द नाही. तू काय समजली असशील! त्या वाक्याची मला लाज वाटते, ठकू. मला माफ कर. आपल्या फोटोवरून करून घेतलेल्या कोड्याच्या झाकणावर नावही छापून देतात, असं आता कळलं. म्हणजे तिचं नाव तिथेच होतं आणि ते मी फेकायला लावलं. तेवढं कळव. तुझी आई सकाळपासून त्या चित्राशी बोलते आहे, आणि नातीला हाक काय मारायची ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

तुझाच,
हिशेबात चुकलेला बाबा