बोर्डापर्यंत पाय हलवू नकोस

दिंद्रुड, ८ जानेवारी २०२३

चि. सत्यशीला हिस अजिनाथदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

केसचं फोनवर बोलायचं नाही, म्हणून हे पत्र. विमा कंपनीवाले फोन टेप करतात असं आपल्या गल्लीतला परमेश्वर सांगत होता, आणि त्याचा मेहुणा कोर्टात शिपाई आहे. वाचलंस की चुलीत घाल.

उसाच्या ट्रॉलीनं तुला उडवलं त्याला दोन महिने झाले. प्लास्टर निघालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण लगेच चालायला लागू नकोस. बीडला डॉक्टरांचं बोर्ड पाय तपासून अपंगत्वाचे टक्के देणार, त्यावर भरपाई ठरणार. कंपनीचा माणूस मोबाईलवर शूटिंग करत फिरतो म्हणे. तू चालताना दिसलीस की दावा गेलाच समज. लहानपणी सगळा गाव तुला भिंगरी म्हणायचा. आता भिंगरीनं महिनाभर गप्प पडावं. वहिनीनं शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे.

तुझा काळजीवाहू दादा

माजलगाव, २ फेब्रुवारी २०२३

ती. दादांस सत्यशीलाचा शि. सा. न. वि. वि.

चटणी पोचली. वहिनीला सांगा, मीठ जास्त पडलं होतं, तरी संपवली.

दवाखान्यातल्या ताईंनी गुडघा रोज वाकवायला सांगितला आहे. शेजारच्या छबुबाई तेलाची वाटी घेऊन येतात. पोरी, सांधा लई ताठलाय, आता न्हाई वाकवला तर असाच धरंल, म्हणतात. मी त्यांना परत पाठवते. दादा, मला भीती वाटते. नवऱ्यानं सोडल्यापासून गावोगाव बांगड्या भरून पोट भरते आहे. गुडघा वाकला नाही तर जीपमध्ये चढू कशी, बायकांपुढे मांडी घालून बसू कशी? दार लावून व्यायाम केला तर चालेल का?

माया असू द्यावी.
सत्यशीला

दिंद्रुड, १० फेब्रुवारी २०२३

चि. सत्यशीलास आशीर्वाद.

चालणार नाही. छबुबाईला कळलं म्हणजे तालुक्याला कळलं. बोर्डाची तारीख पुढे गेली, आता मे म्हणतात. तोवर पाय हलवू नकोस. पैसे आले की पुण्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी तुझं वाईट करीन का? हेही पत्र जाळ.

दादा

माजलगाव, २० सप्टेंबर २०२३

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

मेचं बोर्ड सप्टेंबरात झालं. डॉक्टरांनी गुडघा धरून दाबला तेव्हा मी किंचाळले. इतके महिने व्यायाम का केला नाही, असं त्यांनी विचारलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, हिला सोसवत नाही. आता ऑपरेशन करूनही वाकेल याची खात्री नाही, असं ते म्हणाले, ते तुम्हीही ऐकलंत. तरी टक्के जास्त मिळाले म्हणून बाहेर पेढे घेतलेत. मला एक दिलात. मी तो खाल्ला, याची मला लाज वाटते.

सत्यशीला

दिंद्रुड, ३ मार्च २०२५

चि. सत्यशीलास अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. तुझ्या पायानं घराचं भलं केलं! फक्त कोर्टानं रक्कम तुझ्या नावानं बँकेत ठेव म्हणून अडकवली आहे. तू स्वतः कोर्टापुढे येऊन मागितल्याशिवाय मिळत नाही. आपल्या तेजश्रीचं लग्न मे महिन्यात धरलं आहे. लेकीचं लग्न म्हटल्यावर मला हात आखडता घेता येत नाही. २१ तारखेला, शुक्रवारी जीप पाठवतो. ऑपरेशनला पैसे हवेत असं सांग आणि सही कर. पुण्याचं नंतर बघू, पाय काय आता पळून जाणार आहे? लग्नात मात्र मागच्या खोलीत बस. व्याह्यांकडचे लोक लंगडं माणूस दिसलं की विचारत बसतात.

दादा

माजलगाव, ९ मार्च २०२५

ती. दादांस सत्यशीलाचा नमस्कार. वि. वि.

तेजश्रीला माझे आशीर्वाद कळवा. तिचा यात दोष नाही. शुक्रवारी येणं जमणार नाही. वाटेत कुणी मोबाईलवर शूटिंग केलं तर? तुम्हीच शिकवलंत, म्हणून मी जागची हलत नाही. ठेव माझ्या नावावर आहे, ती तशीच राहील.

तुमची तिन्ही पत्रं जाळलेली नाहीत. छबुबाईंच्या पेटीत आहेत. फार ओढाताण केलीत तर कोर्टात मीच वाचून दाखवीन. माझे पैसे जातील, जाऊ देत. तुम्हाला मात्र साहेबांपुढे उभं राहावं लागेल.

जीप पाठवू नका. तिच्यात चढायला गुडघा वाकावा लागतो.

वहिनीस नमस्कार. चटणी पाठवू नये.
तुमची भिंगरी