रूम नंबर सातची रजा

१५ जून २०२०, सोमवार. सकाळी ९.
हॉस्टेल रिकामं. मार्चात लॉकडाऊन लागला तशी पोरं आपापल्या गावी गेली, कोणी जळकोटला, कोणी लोह्याला. अख्ख्या लातूरच्या ट्युशन एरियात चिटपाखरू नाही. वरच्या मजल्यावर चोवीस कॉट, खाली आम्ही चौघं: मी, सौ., आई आणि धम्मप्रिया. धम्मप्रिया सातवीत, फाउंडेशन बॅच, सध्या ऑनलाइन. दहाला उठते, अंथरुणात बसूनच क्लास करते, एका हातात बिस्किटाचा पुडा. नखं कुरतडते. काल विनाकारण रडली.
पेपरात आलंय की झोप, जेवण, मोबाईल यांचा ताळतंत्र सुटला की मुलांच्या मनावर परिणाम होतो. कात्रण कापून ठेवलं. बारा वर्षं लोकांची पोरं सरळ केली, घरचं एक काय अवघड आहे. आज रात्रीपासून तिला वर रूम नंबर सात. मी पप्पा नाही, रेक्टर सर.

१६ जून. सकाळी ८.
पाचची घंटा राहिली. मीच उठलो नाही. काल कोरोनाचे आकडे बघत बसलो, आधी जिल्ह्याचे, मग राज्याचे, मग इटलीचे. वर गेलो तर धम्मप्रिया खिडकीशी बसलेली. विचारलं, तर म्हणाली चारपासून जागी आहे. पहिल्याच दिवशी चार. शिस्तीचा गुण.
नियमांचा बोर्ड लावला. मोबाईल क्लास संपताच ऑफिसात जमा. अभ्यासाच्या वेळेत बोलणं बंद. पालकभेट रविवारी चार ते पाच. घरी जायचं तर लेखी अर्ज, खाली पालकाचा नंबर; फोन करून खात्री झाली की रजा.

२१ जून, रविवार.
पालकभेट. सौ. आणि आई डबा घेऊन वर गेल्या. सौ. जिन्यात डोळे पुसत होती. पालक असेच असतात, मला अनुभव आहे. मीही जाणार होतो, पण रेक्टरनं विद्यार्थ्याशी गप्पा मारत बसलं की धाक राहत नाही. शिवाय माझा डेटा संपला होता, तिचा जमा मोबाईल चालू होता आणि व्हिडिओ अर्ध्यावर होता.

२९ जून.
आकडे बघणं बंद. फक्त सकाळी एकदा.

२९ जून. दुपारी.
आणि दुपारी एकदा.

६ जुलै.
आई फार बोलली. लेकरू वाळून चाललंय की, एकलीला वर कामून ठिवलास, म्हणाली. मी शांतपणे सांगितलं की किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मीही बाराच वर्षांचा होतो. दीड वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. तेव्हा मानसिक आरोग्य वगैरे कोणी विचारलं नाही, आणि काही झालंही नाही.
त्यावर म्हणाली, काय झालं न्हाई तर अजून खिडकीत उपड्या तांब्यावर गिलास कशाला ठिवतूस, हलला की कळावं म्हणूनच न्हवं? चपला दाराकडं तोंड करून कशाला? आणि दीड वरीस माझा हात धरल्याबिगर निजला न्हाईस, ते इसरलास व्हय?
चपला आणि ग्लास ही खबरदारी. हाताचं वेगळं. तेव्हा शेडमध्ये जागाच कमी होती.

१९ जुलै, रविवार.
पालकभेट. गेलो नाही. पुढच्या रविवारी नक्की.

२ ऑगस्ट, रविवार.
रूमची तपासणी. कॉट नीट, वह्या नीट. दार नुसतं लोटलेलं, कडी नाही. चपला दाराकडे तोंड करून. खिडकीत पाण्याची बाटली उपडी, वर टोपण ठेवलेलं. कौतुक वाटलं. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली तुम्हीच तर करता, सर. कशासाठी करायचं, विचारलं. म्हणाली, ते माहीत नाही, पण काहीतरी होणार आहे ना?
निरीक्षणशक्ती चांगली. रजिस्टरमध्ये ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मारला. दुपारी जेवण गेलं नाही. वांगं कडू असावं.

२ सप्टेंबर.
धम्मप्रिया आता उलट बोलत नाही. खरं तर बोलतच नाही. ‘हो सर’, ‘नाही सर’. सौ. म्हणते डॉक्टरला दाखवू. मी कात्रण काढून दाखवलं. झोप वेळेवर, जेवण वेळेवर, मोबाईल कमी, तिन्ही झालं. चौथं त्यात काही लिहिलेलं नाही. सौ. म्हणाली, खालून फाटलंय ते.

१८ सप्टेंबर.
कात्रणाचा उरलेला भाग शोधला. रद्दी गेली.

३० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७.
आज भूकंपाला सत्तावीस वर्षं. पहाटेपासून जागाच होतो, दर वर्षी असतो. सवय.
बोर्डाखालची तक्रारपेटी उघडली. जूनपासून पहिलाच कागद. तिचं अक्षर. उतरवून ठेवतो.

‘प्रति, मा. रेक्टर सर. विषय: घरी जाण्यासाठी रजा मिळणेबाबत. महोदय, मी रूम नं. ७ ची विद्यार्थिनी. माझे घर खालच्या मजल्यावर आहे. पालकभेटीला मम्मी आणि आजी येतात. पप्पा एकदाही आले नाहीत. ते बरे आहेत का, हे मला बघायचे आहे. आज तीस सप्टेंबर आहे. आज त्यांना भीती वाटते, पण ते सांगत नाहीत. मला पण वाटते. तरी दोन दिवसांची रजा द्यावी, ही विनंती. आपली आज्ञाधारक.’

खाली पालकाचा फोन नंबर. नियमाप्रमाणेच.
मंजुरीची सही करायला पेन उघडलं. हात हलायला लागला. आधी खिडकीत बघितलं. ग्लास जागचा हलला नव्हता. मग हलत होतो तो मीच. रडलो, ते लिहून ठेवतो.
रजेआधी पालकाला फोन करून खात्री करायची, हा नियम मीच बोर्डावर लिहिलाय. काय करावं सुचेना, म्हणून माझा मोबाईल घेतला आणि तिनं लिहिलेला नंबर लावला. माझाच. फोनमधली बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.
पुन्हा लावला. व्यस्तच.